वाचक विचारतात : कारखान्याच्या डॉक्टरांनी काय शिकत राहायचे?

व्यवसायजन्य आजारांवरील आमच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अनपेक्षितपणे आजारांविषयी नसून, ते आजार ओळखणाऱ्या डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी होती. काही पत्रे स्वतः डॉक्टरांची आहेत, एक व्यवस्थापकाचे आहे आणि एक कामगाराचे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी नऊ वर्षे सर्वसाधारण दवाखाना चालवला आणि गेल्या सहा महिन्यांपासून रंगद्रव्ये बनवणाऱ्या एका कारखान्यात वैद्यकीय अधिकारी आहे. ताप, खोकला, रक्तदाब, जखमा हे सारे मला हाताळता येते. वार्षिक तपासणीचे तक्तेही वेळेवर पूर्ण होतात. असे असताना औद्योगिक वैद्यकाचे वेगळे, आणि तेही सतत, प्रशिक्षण कशासाठी घ्यायचे?

उत्तर : आपल्याला रुग्ण तपासता येतो याविषयी मला शंका नाही. अडचण अशी आहे की, कारखान्यात आपल्यासमोर बसणारा मनुष्य बहुतेक वेळा रुग्ण नसतोच. तो धडधाकट असतो, कामावर असतो, आणि त्याने तसेच राहावे यासाठी आपली नेमणूक झालेली असते. दवाखान्यात तक्रार घेऊन माणूस येतो आणि आपण मागे जात कारण शोधतो. येथे कारण आधीच समोर असते आणि त्यातून पुढे काय उद्भवू शकेल ते आपण पाहायचे असते. वैद्यकीय महाविद्यालयात आपल्याला ही उलटी चाल सहसा कोणी शिकवत नाही.

इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली : तू काम काय करतोस? त्याला हा विषय सुचला तो स्वतःच्या घरातील मैलाकुंडी उपसणाऱ्या माणसाकडे पाहून. तो माणूस एवढ्या घाईने का राबतो आहे असे त्याने विचारले, तेव्हा त्या जागेत जास्त वेळ थांबले तर डोळे जातात, असे उत्तर मिळाले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, रामाझिनीने हे तपासणीच्या खोलीत बसून नव्हे, तर काम चालू असताना तेथे जाऊन विचारले.

आपल्या कारखान्यापुरते बोलायचे तर पहिला प्रश्न असा की, तेथील पिवळ्या आणि नारिंगी रंगद्रव्यांत लेड क्रोमेट आहे का? असल्यास शिसे आणि षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक घातक रूप) या दोहोंचा विचार आपल्याला करावा लागेल. शिशाबाबत आपण महाविद्यालयात जे शिकलो ते बहुधा तीव्र विषबाधेचे चित्र होते : पोटात कळा, हिरड्यांवरची निळसर रेषा, मनगट लुळे पडणे. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या नियमानुसार रक्तातील शिसे १०० ग्रॅम रक्तामागे ६० मायक्रोग्रॅमवर गेले की कामगाराला त्या कामावरून दूर करावे आणि ४० च्या खाली आल्यावर परत घ्यावे, असे ठरले होते. त्यानंतरच्या दशकांत रक्तदाब, मूत्रपिंडे आणि प्रजननक्षमता यांवरील परिणाम याहून बऱ्याच खालच्या पातळीवर दिसू लागले, आणि अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने आपला जैविक निर्देशांक, म्हणजे कामगाराच्या रक्तातील शिशासाठीचा मार्गदर्शक आकडा, २०१७ साली ३० वरून २० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर (एक डेसिलिटर म्हणजे जवळपास १०० ग्रॅम रक्त) आणला. म्हणजे ज्या अहवालावर एखाद्या डॉक्टराने पूर्वी निश्चिंतपणे सही केली असती, त्याच अहवालावर आज त्याला कामगाराची जागा, तेथील धूळ शोषून घेणारी यंत्रणा आणि हात धुण्याची सोय यांची चौकशी करावी लागेल. ‘सतत’ हा शब्द प्रशिक्षणाला जोडला जातो त्याचे एक कारण हे आहे. आकडा तोच राहतो, परंतु त्याचा अर्थ बदलत जातो.

सुरुवातीच्या वर्षासाठी माझी सूचना एवढीच की, आठवड्यातून एकदा तरी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवून प्रत्यक्ष खात्यात फिरून यावे. पोती कोण फोडतो, धूळ झाडूने काढतात की व्हॅक्यूमने, फिल्टरच्या पिशव्या कधी आणि कोण बदलतो, हे पाहावे. अशी कामे पुष्कळदा रात्रपाळीत आणि कंत्राटी माणसांकडून होतात आणि ती माणसे आपल्या तपासणीच्या यादीत नसतात. हे शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. सेफ्टी ऑफिसर आणि खात्याचा जुना फोरमन पुरे होतात.

प्रश्न : या क्षेत्रात माझी तेवीस वर्षे झाली. नव्या मुलांना प्रशिक्षण हवे हे मान्य आहे. परंतु माझ्यासारख्यालाही दरवर्षी ठरावीक तास वर्गात बसवण्यात काय हशील? अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

उत्तर : अनुभवाला किंमत आहे, आणि ठरावीक तास मोजण्याच्या पद्धतीविषयी आपला वैताग मला पटतो. मात्र त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य करता येत नाही. अनुभव आणि वैद्यकीय सेवेचा दर्जा यांचा संबंध तपासणाऱ्या ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायाची वर्षे वाढत गेली तशी मोजलेल्या प्रत्येक निकषावरची कामगिरी घसरत गेलेली आढळली. हा आढावा सर्वच शाखांच्या डॉक्टरांविषयी होता. आमच्या शाखेला त्यातून सूट मिळावी असे एकही कारण मला दिसत नाही. उलट जास्त काळजी करावी अशी दोन कारणे दिसतात.

पहिले असे की, आपले ‘रुग्ण’ आपल्याला चूक कळवत नाहीत. शल्यविशारदाचा टाका सुटला तर दुसऱ्या दिवशी कळते. ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्यानंतर फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसायला वीस ते पन्नास वर्षे लागू शकतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि डॉक्टरही. ज्या कामात चुकीचा परिणाम डोळ्यांदेखत दिसत नाही, तेथे वर्षे साठतात, परंतु त्यांतून शिकणे आपोआप होत नाही.

दुसरे असे की, धोके बदलतात, आणि ते बदलतात तेव्हा जुन्या ओळखीच्या आजाराचा मुखवटा घालून येतात. अमेरिकेतील मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न बनवणाऱ्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना श्वासनलिकांचा अतिशय गंभीर आणि भरून न येणारा आजार झाल्याचे २००० साली उघडकीस आले. कारण होते लोण्याचा स्वाद देणाऱ्या मिश्रणातील डायअसिटिल. हा पदार्थ खाण्यास निर्धोक मानला जात होता, म्हणून त्याच्या वाफा हुंगण्यासही निर्धोक असतील असे गृहीत धरले गेले होते. यांतल्या काही कामगारांवर आधी दमा किंवा धूम्रपानजन्य आजार समजून उपचार झाले होते. जपानमधील ओसाका येथे छपाईच्या यंत्रांवरची शाई पुसणाऱ्या तरुण कामगारांत पित्तनलिकेचा कर्करोग होत असल्याचे २०१२ च्या सुमारास पुढे आले. एरवी उतारवयात होणारा हा आजार तिशी-चाळिशीतल्या माणसांना झाला होता. पुसण्यासाठी वापरले जाणारे १,२-डायक्लोरोप्रोपेन हे द्रावक २०१४ साली कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मानवातील निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. त्याआधी तेवीस वर्षे छपाई कारखान्यांत काढलेल्या डॉक्टरच्या अनुभवात हे ज्ञान कोठून असणार?

तिसरे उदाहरण तर जुन्याच आजाराचे आहे. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, आपल्याला झोपेतही ओळखता येतो असे आपण मानतो. परंतु स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात स्फटिकी सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असू शकते, ग्रॅनाइटमध्ये ते याच्या निम्म्याहूनही कमी असते. असा दगड पाणी न वापरता कापणाऱ्या तरुणांत काही थोड्या वर्षांतच आजार बळावतो, आणि छातीचा साधा एक्स-रे निर्दोष दिसत असताना एचआरसीटीमध्ये (अधिक बारकावे दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) विकृती सापडलेले रुग्णही आहेत. ‘वीस वर्षे धुळीत काम केल्याशिवाय सिलिकोसिस होत नाही’ हा जुन्या अनुभवातून आलेला ठोकताळा येथे घात करतो. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून या दगडाचे उत्पादन, पुरवठा, कापकाम आणि बसवणे यांवर बंदी घातली.

आपण वर्गात बसू नका; हवे तर वर्ग घ्या. शिकवण्यासाठी तयारी करणे हे शिकण्याचे उत्तम साधन आहे. मात्र जो विषय आपल्याला येतो तोच शिकवायला घेऊ नका.

प्रश्न : आमच्या समूहातील पाच कारखान्यांच्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षणाचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी सर्वांना विषयांची यादी पाठवून ‘आपल्याला कशाची गरज वाटते’ असे विचारले. बहुतेकांनी हृदयविकार, मधुमेह आणि तणाव व्यवस्थापन यांवर खूण केली. त्याप्रमाणे व्याख्याते ठरवू का?

उत्तर : थोडे थांबावे. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले आहे, परंतु हवा होता तो प्रश्न वेगळा होता. आवड, जाणवलेली गरज आणि खरी गरज या तीन निराळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी स्वतःच्या क्षमतेचे केलेले मूल्यमापन आणि बाहेरून केलेली मोजणी यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील वीस तुलनांपैकी तेरांमध्ये या दोहोंचा मेळ फारसा नव्हता, मुळीच नव्हता किंवा उलटा होता, आणि काही अभ्यासांत ज्यांची कामगिरी सर्वांत कच्ची त्यांनाच स्वतःविषयी सर्वाधिक खात्री होती. हे वाचून हसू येते, पण मीही त्यातलाच आहे. पहिली चार वर्षे मी श्रवणचाचणीचे आलेख मोठ्या आत्मविश्वासाने वाचत होतो. चाचणीपूर्वी कामगार चौदा तास गोंगाटापासून दूर असावा, ही आधाररेषा (पुढच्या तुलनेसाठीची पहिली नोंद) घेतानाची अट पाळली गेली आहे का, हे मी एकदाही विचारले नव्हते. पाळी सुटल्यावर तडक आलेल्या माणसांच्या तात्पुरत्या बहिरेपणालाच मी त्यांची मूळ श्रवणक्षमता म्हणून नोंदवत होतो, म्हणजे पुढे होणारे खरे नुकसान आधीच झाकून टाकत होतो. त्या काळात कोणी मला विषयांची यादी दिली असती, तर ‘श्रवणचाचणी’वर मी कधीच खूण केली नसती.

म्हणून गरज शोधायची ती कामाच्या खुणांवरून. आपल्याकडे पाच कारखाने आहेत, तेव्हा प्रत्येकातील धोक्यांची यादी सेफ्टी विभागाकडून मागवावी आणि प्रत्येक धोक्यासमोर त्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने तीन गोष्टी लिहाव्यात : या पदार्थाचा वा घटकाचा पहिला परिणाम कोणत्या अवयवावर होतो, तो लवकर पकडण्यासाठी मी काय तपासतो, आणि निकाल बिघडलेला आला तर दुसऱ्या दिवशी मी कोणाला काय सांगतो. तिसरा रकाना सर्वांत जास्त वेळा कोरा राहतो, असा माझा अनुभव आहे. तपासण्या होतात, फायली लागतात, आणि निकालाचे पुढे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नसते.

दुसरी खूण म्हणजे जुन्या नोंदी. प्रत्येक कारखान्यातून गेल्या वर्षीच्या पन्नास स्पायरोमेट्री (फुंकून श्वासक्षमता मोजण्याची चाचणी) अहवालांच्या मूळ आलेखांसह प्रती काढाव्यात आणि बाहेरच्या एखाद्या श्वसनरोगतज्ज्ञाकडून त्या तपासून घ्याव्यात. अमेरिकी आणि युरोपीय श्वसनसंस्थांच्या २०१९ च्या संयुक्त मानकाप्रमाणे प्रौढांच्या दोन सर्वोत्तम फुंकांमधील फरक १५० मिलिलिटरच्या आत असावा लागतो. हे न जुळणारे आलेख किती आहेत हे मोजले, की तंत्रज्ञाला प्रशिक्षण हवे की डॉक्टरला, ते कागदावरच दिसेल. यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे : एकाच कामगाराचे पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. ज्याची क्षमता त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाकडून असलेल्या अपेक्षेच्या ११५ टक्के होती आणि आता ९० टक्के आहे, त्याच्या प्रत्येक अहवालावर ‘सामान्य’ असा शिक्का असतो, आणि तरीही त्याने वयोमानाने अपेक्षित असलेल्या घटीपेक्षा कितीतरी अधिक श्वासक्षमता गमावलेली असते. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या प्रौढात एका सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचे प्रमाण वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटते, हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला तर असे आलेख नजरेतून सुटत नाहीत. आपल्या पाच डॉक्टरांपैकी कितीजण मागचे अहवाल काढून पाहतात, हे या एका अभ्यासातून कळेल. मला वाटते, एकही न पाहणारे डॉक्टर सापडणे फार अवघड जाणार नाही.

जैविक तपासण्यांचेही असेच पाहावे. लघवीतील आर्सेनिक वाढलेले आले तर नमुन्याआधीच्या दोन-तीन दिवसांत कामगाराने मासे किंवा इतर सागरी अन्न खाल्ले होते का, याची नोंद फायलीत आहे का? टोल्युइन या द्रावकाच्या संपर्कासाठी अजून हिप्युरिक आम्लच (टोल्युइनपासून शरीरात बनून लघवीत उतरणारा पदार्थ) मोजले जात आहे का? खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बेंझोएटमुळेही ते वाढते, म्हणून कमी पातळीच्या संपर्कासाठी त्याचा उपयोग राहिलेला नाही. नमुना पाळी संपताना घेतला की सकाळी सोयीने घेतला? द्रावकांची उत्सर्जिते, म्हणजे त्यांच्यापासून शरीरात बनून लघवीवाटे बाहेर पडणारे पदार्थ, काही तासांत निघून जातात. सोमवारी सकाळी घेतलेला नमुना शुक्रवारच्या संपर्काविषयी फारसे काही सांगत नाही. प्रयोगशाळा या सर्व नमुन्यांचे अहवाल सारख्याच सुबक छापून देते, त्यामुळे चूक डॉक्टरनेच ओळखावी लागते.

तिसरी खूण इतरांच्या तोंडून मिळते. सेफ्टी ऑफिसर, कामगार प्रतिनिधी आणि ज्या रुग्णालयांत आपण माणसे पाठवतो तेथील विशेषज्ञ, यांना प्रत्येकी दोनच प्रश्न विचारावेत : आमच्या डॉक्टरांकडून तुम्हाला जे हवे असते आणि मिळत नाही ते काय, आणि जे मिळते पण नको असते ते काय. उत्तरे कडू असतील. ती डॉक्टरांना नावानिशी न दाखवता एकत्रित करून दाखवावीत, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी खरे बोलणार नाही.

आणि प्रत्येक डॉक्टरने खिशात एक लहान वही ठेवावी. काम करताना उत्तर न सुचलेला प्रश्न त्या क्षणी त्यात टिपावा : गरोदर कामगार स्त्रीला या द्रावकाजवळ ठेवावे का, अपस्माराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला क्रेनवर कधी पाठवावे, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्याला किती वजन उचलू द्यावे. तीन महिन्यांच्या अशा पाच वह्या एकत्र केल्यात, तर आपला आराखडा बहुतांशी तयार झालेला असेल, आणि त्यात हृदयविकार व मधुमेह आलेच तर ते ‘कामावर परत घेणे’ या अंगाने येतील. तेच आपल्या शाखेचे अंग आहे. त्यांवरची औषधे हृदयरोगतज्ज्ञ आपल्यापेक्षा चांगली देतो.

प्रश्न : मी जिथे काम करतो तिथून जवळचे मोठे शहर सहा तासांवर आहे. कारखान्यात मी एकटाच डॉक्टर आहे. मोबाइलवर भरपूर व्याख्याने ऐकतो, प्रमाणपत्रेही मिळतात. एवढे पुरेसे मानावे का?

उत्तर : माहितीसाठी पुरेसे, कौशल्यासाठी अपुरे. शैक्षणिक बैठका आणि कार्यशाळा यांच्या ८१ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २००९ साली निघाला. अशा कार्यक्रमांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वर्तनात अपेक्षित दिशेने जो बदल झाला, त्याची मध्यम किंमत अवघी सहा टक्के होती. केवळ व्याख्यान किंवा केवळ चर्चा यांपेक्षा दोहोंचे मिश्रण असलेले कार्यक्रम अधिक परिणामकारक आढळले. जॉर्ज मिलर या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली मांडलेल्या चार पायऱ्या येथे उपयोगी पडतात : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे, आणि रोजच्या कामात ते प्रत्यक्ष करणे. मोबाइलवरचे व्याख्यान आपल्याला पहिल्या पायरीवर, फार तर दुसरीवर सोडते.

एकट्याने करण्यासारखे दोन उपाय सांगतो. आपल्यासारख्याच धोक्यांचे काम असलेल्या चार-पाच डॉक्टरांचा गट जमवून महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाने एक अडलेले प्रकरण मांडावे. ओळख पटेल असा मजकूर आणि कारखान्याचे नाव आधी काढून टाकावे. दुसरे, धुळीच्या आजारांसाठी एक्स-रे वाचत असाल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणातील प्रमाण प्रतिमा, ज्या आता डिजिटल स्वरूपातही आहेत, शेजारी ठेवूनच वाचाव्यात. तेच एक्स-रे तीन महिन्यांनी मागचा निकाल न पाहता पुन्हा वाचावेत आणि स्वतःशी किती मतभेद होतो ते मोजावे. मी हे केले तेव्हा निकाल पाहून दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. स्पायरोमेट्री मात्र शिकवणाऱ्याच्या समोर उभे राहूनच शिकावी लागते. तेवढ्यासाठी दोन वर्षांतून एकदा सहा तासांचा प्रवास करावा.

प्रश्न : मनुष्यबळ विभागाचे अधिकारी माझ्याकडे वारंवार गैरहजर राहणाऱ्या कामगारांचे निदान मागतात, आणि ‘हा खरोखर आजारी होता का ते सांगा’ असा आग्रह धरतात. नाही म्हटले की संबंध बिघडतात. हा प्रशिक्षणाचा विषय आहे की निव्वळ हिमतीचा?

उत्तर : दोहोंचा, पण हिंमत न शिकवता येणारी आहे असे समजू नये. आपण काय सांगायला बांधील आहोत आणि काय नाही हे स्पष्ट माहीत असलेल्या माणसाला कमी हिंमत लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसायजन्य आरोग्यसेवांविषयीच्या १९८५ च्या १६१ क्रमांकाच्या करारात दोन कलमे आपल्या कामाची आहेत. दहावे कलम आरोग्यसेवा देणाऱ्यांना मालक आणि कामगार या दोघांपासूनही पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य देते. पंधरावे कलम सांगते की, कामगाराच्या आजारपणाची आणि आरोग्याच्या कारणाने झालेल्या गैरहजेरीची माहिती या सेवेला मिळावी, जेणेकरून त्यामागे कामातील काही धोका आहे का ते शोधता येईल. परंतु गैरहजेरीचे कारण खरे आहे का याची पडताळणी करायला मालकाने या सेवेतील माणसांना भाग पाडू नये. आपल्या देशाने हा करार स्वीकारलेला असो वा नसो, चर्चेसाठी तो भक्कम आधार आहे.

प्रशिक्षणाची खरी गरज मात्र मला पुढच्या टप्प्यावर दिसते, आणि ती म्हणजे लिहिण्याची. बहुतेक डॉक्टरांना फक्त दोन शब्द लिहिता येतात : ‘फिट’ आणि ‘अनफिट’. निदान न सांगता कामापुरते लिहिणे ही शिकण्याची गोष्ट आहे. उदाहरणार्थ, ‘पुढील सहा आठवडे उंचीवर काम देऊ नये, रात्रपाळी देऊ नये, बैठे काम पूर्णवेळ करता येईल, अमुक तारखेस पुन्हा तपासणी’ एवढ्यात व्यवस्थापनाला जे कळायला हवे ते सारे कळते आणि कामगाराचे गुपित गुपितच राहते. मनुष्यबळ विभागाचा आग्रह पुष्कळदा यासाठीच असतो की, ‘अनफिट’ या एका शब्दावरून त्यांना नियोजन करता येत नाही. अशी पंधरा-वीस जुनी प्रमाणपत्रे घेऊन सहकाऱ्यांबरोबर ती पुन्हा लिहून पाहण्याची दोन तासांची बैठक ही माझ्या मते व्यवसायजन्य आरोग्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कार्यशाळा आहे. मानसिक आजारांच्या प्रकरणांत तर ती अपरिहार्य आहे. ‘बर्नआउट’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून स्थान आहे, तेव्हा तो शब्द प्रमाणपत्रावर निदान म्हणून लिहिण्यापूर्वी डॉक्टरने दोनदा विचार केलेला बरा.

प्रश्न : डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्च आम्ही मंजूर करतो, पण त्याचा उपयोग झाला की नाही हे कसे पाहायचे? (एका व्यवस्थापकाचे पत्र)

उत्तर : प्रमाणपत्रे मोजू नका. प्रशिक्षणापूर्वी आणि नंतर सहा महिन्यांनी तीन गोष्टी पाहा : डॉक्टर किती वेळा खात्यात गेले, तपासणीतील बिघडलेल्या निकालांपैकी किती निकालांमुळे कामाच्या जागी काही बदल सुचवला गेला, आणि निकृष्ट दर्जाच्या चाचण्यांचे प्रमाण किती उतरले. एक सावधगिरी बाळगा : चांगल्या प्रशिक्षणानंतर नोंदवलेल्या व्यवसायजन्य आजारांची संख्या काही काळ वाढते, कारण जे आधी दिसत नव्हते ते दिसू लागते. ती वाढ पाहून पुढच्या वर्षीचा खर्च कापणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत.

प्रश्न : मी ओतकामाच्या कारखान्यात साचे फोडण्याच्या खात्यात आहे. डॉक्टरसाहेब दरवर्षी तपासतात आणि सर्व ठीक आहे म्हणतात. त्यांना आमच्या कामाचे पुरेसे ज्ञान आहे की नाही, हे आमच्यासारख्याने कसे ओळखावे?

उत्तर : आपल्या खात्यात वाळूतील सिलिकाची धूळ, उष्णता, गोंगाट आणि हात-दंडाला बसणारी यंत्राची थरथर हे चार धोके सहसा एकत्र असतात. डॉक्टरांनी आपल्याला सध्याच्या कामाबरोबर आधीची सर्व कामेही वर्षांसह विचारली आहेत का, हे आठवून पाहा. थंडीत बोटे पांढरी पडतात का, रात्री हाताला मुंग्या येतात का, असे त्यांनी विचारले असेल, तर थरथरीचा परिणाम त्यांच्या डोक्यात आहे. श्रवणचाचणीपूर्वी आपल्याला गोंगाटापासून दूर राहायला सांगितले होते का? फुंकण्याची चाचणी एकाच फुंकेत उरकली, की आपल्याकडून किमान तीन चांगल्या फुंका करून घेतल्या? ते आपल्या खात्यात शेवटचे कधी आले होते?

आपल्या अहवालांच्या प्रती मागा, मागच्या वर्षांच्या प्रतीही मागा, आणि पुढच्या तपासणीला जाताना त्या सोबत नेऊन एवढेच विचारा की, ‘मागच्या पाच वर्षांत माझा आकडा कसा बदलला आहे?’ डॉक्टरांना विषय माहीत असेल तर ते आनंदाने दाखवतील. माहीत नसेल आणि माणूस प्रामाणिक असेल, तर ते म्हणतील, ‘पाहून सांगतो.’ त्यांना आठवडाभर द्या आणि पुन्हा जाऊन विचारा.